स्पीडगनला चकवून काय मिळणार?

गाडीला लेझर जॅमर बसवावा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. ज्यांना तेवढ्याने पुरतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. पण मोबाइलवर ई-चलानचे मेसेज साठत चाललेत, दर वेळी दोन-दोन हजार जातात, आणि त्यात कुणी मित्र सांगतो की ‘अमेरिकेहून भाऊ येतोय ना, मग एक मागव, एकदा खर्च केला की कटकट संपली’, अशा माणसाचं एका शब्दाने समाधान होणार नाही. पुढचं त्याच्यासाठी.

आधी हे यंत्र करतं काय ते समजून घ्या, कारण विकणारा ते अर्धंच सांगतो. पोलिसांच्या हातातली लेझर गन डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे झटके सोडते. तरंगलांबी साधारण ९०४ नॅनोमीटर, आणि झटके सेकंदाला शेकड्यांनी. प्रत्येक झटका गाडीवर आपटून परत येतो. प्रकाशाला ३०० मीटर जाऊन परत यायला एका सेकंदाचा दोन दशलक्षांश भाग लागतो. गन हा वेळ मोजते. पुढच्या झटक्याला वेळ किंचित कमी लागला तर गाडी तेवढी जवळ आली. अशी बरीच अंतरं एकापाठोपाठ घेतली की वेग निघतो, आणि या सगळ्याला अर्धा सेकंदही लागत नाही. किरण अरुंद असतो, ३०० मीटरवर साधारण तीन फूट पसरतो, त्यामुळे चार गाड्यांतली नेमकी एक टिपता येते. जुन्या रडार गनचा झोत याहून कितीतरी रुंद असायचा, म्हणून ‘शेजारच्या गाडीचा वेग माझ्या नावावर लागला’ ही तक्रार तेव्हा खपून जायची.

पोलिस नेम धरतो तो नंबरप्लेटवर नाहीतर हेडलाइटवर, कारण तिथून प्रकाश चांगला परत येतो. आरशाला सीडी टांगली की गन चुकते असं मानणाऱ्यांनी एवढं एकच लक्षात घेतलं तरी ती सीडी खाली उतरेल. नंबरप्लेटवर मारायच्या ‘जादूच्या’ स्प्रेचंही तसंच. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही मालिकेने २००७ मध्ये असले स्प्रे आणि प्लेटवरची प्लास्टिकची आवरणं कॅमेऱ्यासमोर तपासून पाहिली. नंबर दिसायचा तो दिसलाच.

जॅमर मात्र थोतांड नाही, हे मान्य करायला हवं. त्याचे छोटे डोळे ग्रिलमध्ये, नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना बसवतात. गनचा प्रकाश ओळखला की ते त्याच जातीचा प्रकाश उलट सोडतात. गनला खरा परतीचा झटका कुठला आणि खोटा कुठला हे कळेनासं होतं, आणि पडद्यावर आकड्याऐवजी एरर येते. जुन्या बनावटीच्या गनसमोर हे चांगलं चालतं. म्हणून गन बनवणाऱ्यांनी झटक्यांची लय सतत बदलणारी मॉडेलं काढली. कुणीतरी आपल्याला जॅम करतंय हे ओळखून तसा इशारा देणाऱ्या गनही आल्या. मग जॅमरवाले नवं सॉफ्टवेअर काढतात, ग्राहक ते भरतो, आणि तोवर गन पुन्हा बदललेली असते. या शर्यतीत पैसे एकट्या ग्राहकाचे जातात.

आता आपल्याकडचं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी यंत्रणा सुरू झाली, ती एखाद्या ठिकाणचा वेग तर पाहतेच, शिवाय दोन कमानींमधलं अंतर गाडीने किती वेळात कापलं यावरून सरासरीही काढते. त्यासाठी तुमच्या गाडीवर लेझर मारायची गरजच नसते. इथे नंबर वाचला, पुढे दहा किलोमीटरवर पुन्हा वाचला, मधली मिनिटं मोजली की झालं. या हिशेबापुढे जॅमर काय करणार? ग्रिलमध्ये बसलेलं, हजार डॉलरच्या घरातलं ते यंत्र गप्प बसून राहील आणि मेसेज यायचा तो येईलच.

हा हिशेब किती साधा आहे, हे उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघातात सगळ्या देशाने पाहिलं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबाद-मुंबई महामार्गावर, पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर त्यांची गाडी कठड्यावर आदळली. चारोटीच्या तपासणी नाक्यावरच्या सीसीटीव्हीत गाडी दिसल्याची वेळ आणि अपघाताची वेळ पोलिसांनी पडताळली: २० किलोमीटर, ९ मिनिटं. भागाकार कुणीही करावा, ताशी १३३ येतात. त्यानंतर गाडीच्या कंपनीने गाडीतल्याच यंत्रणेत नोंदलेली माहिती पोलिसांना दिली. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १०० होता, ब्रेक लागल्यावर ८९. म्हणजे हल्लीच्या गाड्या स्वतःच साक्ष ठेवतात. रस्त्यावरची गन अडवाल, पण गाडीतल्याच या यंत्रणेला कोण अडवणार? त्या अपघातात मागे बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, हेही सांगून ठेवतो. पट्ट्याचा जॅमरशी काही संबंध नाही, पण असल्या विषयावर लिहिताना तो शब्द राहून जाऊ नये.

खरा धोका मला वेगळाच दिसतो. जॅमर वापरणारे तो कसा वापरतात ते पाहा. गनवर बराच वेळ एररच येत राहिली तर पोलिसाला संशय येणार, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून पद्धत अशी: जॅमरचा भोंगा वाजला की कचकन ब्रेक मारायचा, वेग मर्यादेत आणायचा, आणि लगेच जॅमर बंद करायचा, म्हणजे पोलिसाला सभ्य आकडा दिसेल. जॅमरसोबत मिळणारी शिकवण हीच असते. आता हे डोळ्यांसमोर आणा. ताशी १३० ने जाणारा माणूस, समोर रस्ता मोकळा असताना, मागच्याला कसलंही कारण दिसत नसताना, एका भोंग्यावर ब्रेक दाबतो. त्याच्या मागे भरलेला ट्रक आहे की पोराबाळांची गाडी आहे, हे बघायला त्याला वेळ नसतो. ज्या ब्रेकने जीव वाचायचा, तोच तो चलान वाचवायला खर्च करतो.

ताशी १३० म्हणजे नेमकं किती, याची कल्पना बहुतेकांना नसते. मलाही कागदावर मांडेपर्यंत नव्हती. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा धरा, टायर चांगले धरा. ताशी १०० ची गाडी साधारण ९७ मीटरवर थांबते. ताशी १३० च्या गाडीला थांबायला १४७ मीटरच्या आसपास लागतात. इथवर कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही, ‘पन्नास मीटर जास्त’ एवढंच डोक्यात राहतं. पण शंभरची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? ताशी ९५ च्या घरात. पहिल्या गाडीतला माणूस छातीवर हात ठेवून ‘वाचलो’ म्हणत असतो, तिथे दुसरी गाडी जवळजवळ शंभरने आदळते. वेग तीस टक्क्यांनी वाढला तरी धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हे असं होतं. पावसात, आणि झिजलेल्या टायरवर, काय होईल ते मी मांडत नाही.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतल्या ७१ टक्के मृत्यूंच्या खाली कारण म्हणून अतिवेग लिहिलेलं आहे. आपल्याकडचे पंचनामे कसे होतात हे माहीत असलेला माणूस म्हणेल की पोलिस सगळंच ‘अतिवेग’ म्हणून टाकतात. खड्डा, चुकीचं वळण, अंधारात उभा केलेला ट्रक यांचं नाव कुणी लिहीत नाही. आक्षेप बरोबर आहे. ७१ चे ५१ धरा. मग तरी काय फरक पडतो?

रस्ता सुधारला, गस्त वाढली, वेग आवरला की माणसं वाचतात, हेही आपल्याच दाराशी दिसलं आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जण गेले होते. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मिळून काम सुरू केलं, कठडे बसवले, धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, गाड्या उभ्या करणाऱ्यांना हटवलं, वेगावर नजर ठेवली, आणि पुढच्या वर्षांत तो आकडा निम्म्याच्याही खाली गेला. ज्या गनवर तुम्ही चिडता, ती या कामातली एक गोष्ट होती.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ‘आपल्याकडे जॅमरविरुद्ध कायदाच कुठाय’ असं विकणारा छातीठोकपणे म्हणेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे कारला अतिवेगाचा दंड एक ते दोन हजार. तो चुकवायला तुम्ही परवानगीशिवाय गाडीत फेरफार केलात, तर कलम १८२अ लागू शकतं, आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला पाच हजार दंड किंवा दोन्ही आहे. पोलिसाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ आहे. रडारला किंवा मोबाइलला गोंधळात पाडणारी रेडिओ लहरींची यंत्रं खासगी माणसाने वापरायला बंदी आहे, ती वेगळीच. आणि या सगळ्याहून गंभीर प्रसंग म्हणजे अपघात. कुणी दगावलं आणि तुमच्या ग्रिलमध्ये जॅमर सापडला, तर ‘चुकून वेग वाढला साहेब’ हे वाक्य न्यायालयात उभं राहणार नाही. वेगात जायचं तुम्ही आधीच ठरवलं होतं, याचा पुरावा तुम्ही स्वतः पैसे मोजून बसवलेला असेल. विमा कंपनीचा वकीलही तो पाहीलच.

इंग्लंडमध्ये असे जॅमर बसवणारे कोर्टापर्यंत गेलेले आहेत. तिथे जॅमर वापरणं म्हणजे न्यायाच्या कामात ढवळाढवळ, असं धरतात. उत्तर यॉर्कशरमधल्या एका रेंज रोव्हरवाल्याने पोलिसांच्या कॅमेरा-व्हॅनसमोरून जाताना दर वेळी मधलं बोट दाखवलं. जॅमर होता, त्यामुळे वेग कळला नाही, पण बोट कळलं. पोलिस मागावर आहेत हे कळल्यावर त्याने यंत्र नदीत फेकून दिलं. २०१८ मध्ये त्याला आठ महिने तुरुंगवास झाला. नुसता वेगाचा गुन्हा असता तर बहुधा दंड भरून सुटला असता.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठीही दोन ओळी. रडार जॅमर तिथे देशभर बेकायदा आहे. लेझरचं तसं नाही, ते प्रत्येक राज्यावर आहे, आणि या फटीमुळेच पुष्कळांची समजूत होते की सगळीकडे चालतं. कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय ही राज्यं, जिथे आपली माणसं भरपूर आहेत, तिथे तो चालत नाही. व्हर्जिनियात तर गन नुसती ओळखणारा रडार डिटेक्टरही चालत नाही. व्हिसावर राहणाऱ्याने दोन-तीनशे डॉलरचं तिकीट वाचवायला आपल्या नावावर असला खटला ओढवून घेऊ नये.

या यंत्रांच्या विक्रीत एक गंमत आहे. बाहेरच्या देशांत लेझर जॅमर कित्येकदा ‘पार्किंग सेन्सर’ किंवा ‘गॅरेजचं दार उघडायचं रिमोट’ म्हणून विकला जातो. आपल्याकडे सीटबेल्टचा भोंगा बंद करणाऱ्या क्लिपांचंही हेच झालं. कुणी त्या बाटलीचं झाकण उघडायचं हत्यार म्हणून विकत होतं, कुणी सिगारेट लायटर म्हणून. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढायला लावल्या. ज्या वस्तूला स्वतःचं खरं नाव सांगायची लाज वाटते, ती घरात आणताना थोडं थांबावं. आणि हो, १ जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा इशारा असतो. तो गॅरेजवाल्याकडून काढून घेणारे आणि जॅमर मागवणारे एकाच पंगतीतले.

आता तुमची बाजू. ती खोटी नाही. पोलिस झाडाआड उभे राहतात. काही ठिकाणी मर्यादेचा फलक फांद्यांत गडप झालेला असतो, काही ठिकाणी शंभरच्या रस्त्यावर अचानक साठ येतात आणि ते साठ कुणी का ठरवले याचा पत्ता लागत नाही. चलान महिन्यांनी कळतं, तोवर त्या दिवशी आपण कुठे होतो हेही आठवत नाही. यावर संताप येणं साहजिक आहे. पण त्यावरचा उपाय नियमातच लिहिलेला आहे आणि फार कमी लोक तो वापरतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. इलेक्ट्रॉनिक यंत्राने पकडायचं असेल तर त्या टप्प्याआधी तसा फलक हवा, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करून घ्यायला हवं, आणि नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायला हवी, असं तो म्हणतो. चलान चुकीचं वाटलं तर त्यातला फोटो उघडून पाहा: नंबर तुमचाच आहे का, गाडी तुमचीच आहे का, जागा आणि वेळ काय. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. ती करा, उत्तर आलं नाही तर न्यायालयात जा. एका फलकाबद्दल दहा जणांनी लेखी तक्रार केली तर तो फलक झाडातून बाहेर येतो. दहा जणांनी जॅमर बसवले तर तो आहे तिथेच राहतो, आणि अकरावा माणूस भरत बसतो.

गनच चुकीची दाखवते अशी शंका असेल तर दोन गोष्टी ऐका, दोन्ही तुमच्या बाजूच्या आहेत. रस्त्याच्या कडेला तिरकं उभं राहून मोजलं की गन खऱ्या वेगापेक्षा थोडा कमीच आकडा दाखवते, हा भूमितीचा गुण आहे. आणि गाडीचा मीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो; कमी दाखवू नये असंच त्याचं मानक आहे. मीटरवर शंभर दिसत असतील तर तुम्ही बहुधा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवने जात असता. एवढी सूट मिळूनही चलान येत असेल, तर गनला दोष देण्यात अर्थ नाही.

वेळ किती वाचतो, हाही हिशेब एकदा करून टाका. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. सगळा रस्ता १०० ऐवजी १२० ने कापता आला असता, तरी वाचली असती साडेनऊ मिनिटं. पण बोरघाटात मर्यादा ६० ची, पुढे ट्रकांची रांग, त्यामुळे तेवढीही वाचत नाहीत. फूड प्लाझावर वडापावच्या रांगेत याहून जास्त जातात. समृद्धी महामार्गाचं गणित वेगळं आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ७०१ किलोमीटर, मर्यादा १२०. कुणी १४० ने नेलीच तर पाऊण तासाहून जास्त वाचतो. पण विदर्भातल्या मे महिन्यात, सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर, तासन्‌तास तापलेल्या टायरवर तो पाऊण तास मिळवायचा असतो. डोळा लागतो तोही याच रस्त्यावर. तिथे कुणी पाऊण तास मागे ठेवून निघाला तर त्याला मी शहाणा म्हणेन.

घाटात ६० कसे राखायचे, हा प्रश्न पुष्कळ जण खरोखर विचारतात, कारण खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी आपोआप पळते. सतत ब्रेकवर पाय ठेवू नका. गिअर खालचा टाका, तिसरा किंवा गरज पडली तर दुसरा, आणि इंजिनलाच गाडी धरू द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड वापरा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे ट्रक ब्रेक जाऊन पुढच्यांवर चढतात, त्यामुळे तुमच्या मागे कोण आहे यावर आरशात लक्ष ठेवा. सपाटीवर क्रूझ कंट्रोल असेल तर शंभरवर लावून टाका. मोबाइलच्या नकाशात वेगमर्यादा दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवा. पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा नकाशा वापरायलाही माझी हरकत नाही, कारण तो पोलिसाचं यंत्र बिघडवत नाही, तुम्हाला फक्त भानावर आणतो. लेन बदलताना आणि टोलजवळ येताना तेच भान लागतं.

जॅमरसाठी बाजूला काढलेले पैसे असतील, तर टायर बघा. तळ झिजला असेल किंवा पाच-सहा वर्षं झाली असतील तर चारही बदला, ब्रेकपॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या, अलाइनमेंट करून घ्या. एवढं करून पैसे उरतील. मागच्या सीटवर आईवडील बसत असतील तर त्यांच्या पट्ट्याचं बकल सीटच्या कव्हरखाली दडलेलं असतं, ते आजच वर काढा.

आणि कुणी आधीच जॅमर बसवला असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तो काढून घ्या, कापलेल्या वायरी नीट जोडून घ्या. परदेशातून येणाऱ्या भावाला, मेव्हण्याला, मित्राला आज रात्रीच कळवा की ते यंत्र आणू नकोस.